‘पर्यावरणपूरक’ पंख्याची जाहिरात लिहिताना

आमची कंपनी पुण्याजवळची, लहानशी. आम्ही छताचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस डीसी मोटरचे पंखे बनवतो. साधा पंखा पूर्ण वेगावर ७५ वॅटच्या आसपास वीज खातो, आमचा ३०. जाहिरातीचा मजकूर माझ्याकडे असतो. उन्हाळ्याच्या तोंडावर मालक म्हणाले, “यंदा किमतीवर भांडायचं नाही. आपण कशासाठी काम करतो ते लोकांना सांगा.” त्यातून तयार झालं खोक्यावरचं हिरवं पान, ‘पर्यावरणपूरक पंखा’ आणि खाली ‘६० टक्के वीजबचत’.

मजकूर वकिलांकडून लाल खुणांनी भरून परत आला. ग्रीनवॉशिंग, म्हणजे पर्यावरणाच्या नावाने केलेले दिशाभूल करणारे दावे, याविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहेत. ‘हरित’, ‘पर्यावरणपूरक’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय आणि खुलाशाशिवाय चालत नाहीत. दावा अख्ख्या वस्तूबद्दल आहे, वेष्टनाबद्दल की वापराबद्दल, तेही सांगावं लागतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आकडा ऐकून मालक गप्प झाले, पण मला वकिलांचे प्रश्न जास्त टोचले. ६० टक्के कशाच्या तुलनेत? कोणत्या वेगावर? आणि पंख्यात सर्किट बोर्ड आहे ना, तो बिघडल्यावर ई-कचऱ्यात जाणार, मग अख्खा पंखा पर्यावरणपूरक कसा?

वेगाचा प्रश्न सगळ्यात अवघड. जुना पंखा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर दोन नंबरवर ठेवला तर तोही कमी वीज घेतो. म्हणजे वॅटमध्ये मोजली तर आमची बचत पूर्ण वेगावरच घसघशीत दिसते. बाजारात हे फारसं कोणी छापत नाही. आम्ही छापायचं ठरवलं तेव्हा विक्री विभागाने कपाळावर हात मारला.

किती रुपये वाचतील हेही काढून टाकलं, कारण विजेचा दर स्लॅबप्रमाणे बदलतो. उरला साधा हिशोब: ७५ वॅटच्या पंख्याऐवजी हा पंखा रोज १२ तास पूर्ण वेगावर चालवला, तर महिन्याला सुमारे १६ युनिट वाचतात. ऊर्जा दक्षता ब्युरोचं स्टार लेबल छताच्या पंख्यांना २०२३ पासून सक्तीचंच आहे, त्यामुळे त्याची बढाई मारण्यात अर्थ नव्हता.

नवा मजकूर घेऊन पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, तापकीर गल्लीत गेले. तिथल्या एका जुन्या दुकानदारांनी खोकं उलटसुलट करून पाहिलं. “मॅडम, ते पान गेलं ते बरं झालं. गिऱ्हाईक मला विचारतं, लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर किती वेळ चालेल, आणि रिमोट हरवला तर काय?” काउंटरखालून त्यांनी वॉटमीटर काढला. आधी जुना पंखा लावला, मग आमचा. मीटरवर ३१ आला. माझ्या पोटात गोळा आला, पण समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, “एक वॅट इकडेतिकडे होणारच की!” आणि त्याने दोन पंखे घेतले.

त्यानंतर जाहिरातीचे बरेचसे पैसे आम्ही डीलरना वॉटमीटर देण्यात घातले. होर्डिंग कमी झाली. हा मार्ग सगळ्यांना जमेल असं नाही. डेटा सांभाळणाऱ्या अॅपवाल्यांनी विश्वास काउंटरवर मोजून कसा दाखवायचा? पण ज्याचं माप घेता येतं, त्याला विशेषणं लावण्यात आपलीच पत जाते, असं मला आता वाटतं.

विक्री वाढली का? थोडी. त्याचं श्रेय मजकुराचं किती आणि त्या वर्षीच्या उकाड्याचं किती, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. फरक दिसला तो तक्रारींमध्ये. ‘बिल अर्धं झालं नाही’ असे फोन जवळजवळ बंद झाले. आता फोन येतात ते सुट्या भागांसाठी. बोर्ड गेला तर नुसता बोर्ड मिळेल का, आणि किती वर्षं मिळेल? पंखा छताला पंधरा वर्षं टांगलेला राहतो, वॉरंटी मात्र त्याच्या जवळपासही जात नाही. बोर्ड अमुक वर्षं मिळेलच, हे खोक्यावर छापा असा माझा आग्रह आहे. त्यासाठी तेवढा साठा करून ठेवावा लागेल, पैसे अडकतील. मालक सध्या “बघू” म्हणतात.