शिकायच्या तासांची मजुरी कोण देणार?

आमच्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय, जुने शटलचे माग (ज्यात धोटा आडवा धागा नेतो) काढायचे आणि रेपियर, म्हणजे धोट्याशिवाय आडवा धागा ओढणारे नवे माग, बसवायचे. कुणी बसवलेत, कुणी बँकेत फाईल टाकलीय, कुणी सेकंडहँड मशीन बघायला इचलकरंजी नाहीतर सुरतला चकरा मारतंय. मशीनची किंमत, सबसिडी, बँकेचा हप्ता, लाईट बिल, सगळ्याचा हिशोब होतो. मी एका टॉवेल कारखान्यात हजेरी, पगार आणि माणसांचं बघते, त्यामुळं मला त्या हिशोबात एक रकाना कायम रिकामा दिसतो. जी माणसं आज शटल चालवतायत ती हे मशीन शिकणार कधी आणि त्या शिकायच्या वेळेचे पैसे त्यांना कोण देणार?

बाहेरगावच्यांसाठी सांगते, आपल्याकडं मागावरच्या कामगाराला सहसा महिन्याचा बांधलेला पगार नसतो, जेवढं विणलं तेवढी मजुरी. माग बंद तर मजुरी बंद. आता अशा माणसाला तुम्ही म्हणालात की चला अण्णा, आज दुपारी ट्रेनिंग आहे, वर केबिनमध्ये येऊन बसा, तर त्याच्या डोक्यात पहिलं काय येणार? आमच्याकडं एका अण्णांनी सरळ तोंडावर विचारलं, "मॅडम, तुमचं बरं आहे, तुम्ही शिकायला बसलात तरी पगार चालूच. मी इथं बसलो तर घरी काय नेऊ ओ?" शंभर टक्के बरोबर प्रश्न आहे. आणि मग हेच लोक ट्रेनिंगला आले नाहीत की बाहेर बोललं जातं की सोलापूरच्या कामगाराला नवीन काही नकोच असतं, जुन्यालाच धरून बसतो. हे ऐकलं की मला खरंच राग येतो. ज्या माणसाला शिकायची किंमत स्वतःच्या खिशातून भरावी लागते तो का येईल हो?

आम्ही मालकांशी बसून दोन गोष्टी ठरवून घेतल्या. एक म्हणजे कामगाराच्या मागच्या काही आठवड्यांची सरासरी मजुरी काढायची आणि तो जेवढा वेळ नवीन मशीनवर शिकतोय तेवढ्या वेळाची मजुरी त्या सरासरीनं द्यायची. दुसरी म्हणजे शिकताना जो माल सेकंडमध्ये, म्हणजे खराब म्हणून कमी दर्जात, जाईल त्याची एक पैसाही कपात करायची नाही. ही दुसरी गोष्ट लोकांना छोटी वाटते पण माझ्या मते हीच मोठी आहे, कारण कपातीची भीती असली की माणूस मशीनला हातच लावत नाही, लांब उभा राहून मान हलवतो आणि समजलं म्हणतो. मालकांना आधी खर्च जास्त वाटला, पण नवीन माग माणूस नाही म्हणून बंद उभा राहिला तर बँकेचा हप्ता काय थांबतोय का, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

आता शिकवणार कोण. सगळीकडं दिसतं ते असं, मशीन कंपनीचा इंजिनिअर येतो, हिंदी-इंग्लिशमध्ये मालकाला आणि सुपरवायझरला भराभर दाखवतो, फोटो काढून निघून जातो. मागावर उभा राहणारा माणूस मागच्या रांगेत. आणि ज्याला सगळ्यात आधी पुढं बसवायला पाहिजे तो म्हणजे जॉबर, मागांची जोडणी-दुरुस्ती बघणारा अनुभवी माणूस.

आमचे जॉबर मामा सोलापूरच्या पूर्वभागातले, घरात तेलुगू, बाहेर मराठी. टॉवेल बोटांत धरून सांगतात की लूप, म्हणजे टॉवेलवरचा धाग्याचा फास, कुठं बसलाय, बीमचा, म्हणजे उभा धागा गुंडाळलेल्या रुळाचा, ताण कुठं कमी पडलाय. टेरी टॉवेलचं मूळ तंत्र तर मशीन बदललं म्हणून बदलत नाही. दोन बीम असतात, एक पायाच्या धाग्याचा आणि एक लूपच्या धाग्याचा. साध्या तीन पिकाच्या (पिक म्हणजे एक आडवा धागा) टेरीत पहिले दोन आडवे धागे फणीनं थोडे अलीकडंच ठेवायचे आणि तिसऱ्याला तिन्ही मिळून पुढं ठोकायचे, तेव्हा लूप उभा राहतो. किती अलीकडं ठेवले त्यावर लूपची उंची. जुन्या मागावर मामा हे पान्यानं करायचे, आता स्क्रीनवर आकडा टाकायचा. जेकार्डचंही, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचंही, तसंच, पूर्वी पंच कार्डाची माळ बदलायची, आता डिझाईनची फाईल येते, पण कुठला धागा कधी उचलायचा हा हिशोब तोच राहतो. म्हणजे मामांना जे शिकायचं होतं ते फारच थोडं होतं, त्यांना आधीच माहीत असलेली गोष्ट स्क्रीनवर कुठल्या बटणामागं आहे एवढंच. पहिल्यांदा म्हणाले होते, "ह्या वयात मला काय शिकवूलालाव ओ?" पण कुठल्या पानावर लूपची उंची, कुठल्या पानावर ताण हे एका वहीत मराठीत लिहून दिलं, त्यावर त्यांनी स्वतःच्या खुणा केल्या, आणि आता पोरं अडली की त्यांनाच हाक मारतात. स्क्रीन पटापट चालवणारी पोरं भरपूर मिळतात. पण बिघडलेला टॉवेल बघून कारण सांगणारा माणूस तयार व्हायला वर्षं जातात आणि तोच माणूस आपण जुना म्हणून बाजूला काढतो, हे मला सहन होत नाही.

अर्थात जॉबर शिकवेल का हाही प्रश्न आहेच. त्याची विद्या हीच त्याची नोकरी, ती देऊन टाकली आणि उद्या घरी बसवलं तर? रेपियरवर एक माणूस जास्त माग सांभाळतो, माणसं कमी लागतात, हे कामगारांना आपल्यापेक्षा आधी कळलेलं असतं. त्यामुळं शिकवणी सुरू करायच्या आधीच स्पष्ट सांगावं लागतं की कोण कुठल्या कामाला जाणार, आणि शिकवणाऱ्याला शिकवण्याचे वेगळे पैसे द्यावे लागतात. लपवून काही होत नाही.

मला यावरून अहमदाबादच्या कॅलिको मिलचं उदाहरण फार पटतं. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे संशोधक ए. के. राइस तिथं काम करत होते. मिलनं ऑटोमॅटिक माग आणलेले पण उत्पादन काही वाढेना. बघितलं तर काम तुकड्यांत वाटलेलं, एक जण नुसता धागा सांधणार, दुसरा नुसती कांड्यांची बॅटरी (मागावरचा कांड्या ठेवायचा खण) भरणार, तिसरा तेल घालणार, आणि कुणाच्या वाट्याला किती माग याचा एकमेकांशी मेळ नाही. राइसनी सुचवलं की लहान गट करा आणि ठराविक माग एका गटाकडं सोपवा. गट कामगारांनीच आपापसांत पाडले. सुरुवातीला खालीवर झालं पण पुढं उत्पादन वाढलं, खराब माल कमी झाला. माग तेच होते आणि माणसंही तीच होती. आमच्याकडं म्हणूनच एकेकट्याला शिकवत नाही, जॉबर, विणणारे आणि हेल्पर एकत्र शिकतात.

सरकारी योजनांबद्दल थोडक्यात. अप्रेंटिसशिपच्या (शिकाऊ उमेदवारांच्या) नियमानं ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक, आणि राष्ट्रीय योजनेत स्टायपेंडचे २५ टक्के, जास्तीत जास्त महिना १,५०० रुपये, सरकार देतं. आपल्या बऱ्याच लहान कारखानदारांना हे माहीतच नाही, आयटीआयच्या पोरांसाठी जरूर वापरा. पण हे सगळं नवीन पोरांसाठी. पन्नाशीच्या कामगारासाठी त्याच्याकडं असलेल्या अनुभवाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट द्यायची सोय आहे, आरपीएल म्हणतात तिला, ती चांगली आहे, पण त्या सर्टिफिकेटानं त्या आठवड्याचा किराणा येत नाही.

चेकिंग आणि शिलाईच्या बायकांचं तर कुणाच्या गावीच नसतं. आता टॉवेल मोजून वहीत लिहायचं काम बारकोड आणि टॅबवर आलंय. काही अक्कांना वाचता येत नाही, म्हणून आम्ही दोषांचे फोटो लावले, लूप तुटलेला, डाग पडलेला, काठ उसवलेला, फोटोवर बोट ठेवलं की नोंद. आणि एका अक्कांनी आपणहून तेलुगूत व्हॉइस मेसेज करून ग्रुपवर टाकले, बाकीच्या जेवणाच्या सुट्टीत ते ऐकतात. त्या मेसेजचेही पैसे त्यांना मिळाले पाहिजेत म्हणून मी नोट टाकलीय.

अजून एक मोठी गोष्ट अडकलीय ती रेटची. नवीन मशीनवर मीटरमागं रेट कमी धरतात, कारण माल जास्त निघतो. पण तो माणूस आता जास्त माग बघतोय, स्क्रीन वाचतोय, फाईल लावतोय, म्हणजे शिकल्यावर आठवड्याच्या मजुरीची एकूण रक्कम आधीपेक्षा वाढलीच पाहिजे, नुसती तेवढीच राहून चालणार नाही. शिकलेल्यांना वेगळी ग्रेड द्यावी असा प्रस्ताव मी हिशोबासकट मालकांकडं दिलाय, पुढची मशीनं यायच्या आधी त्यावर सही झालेली मला हवीय.