ब्रुकलिनचा जील्यो आणि आमचा शनिवारचा गणपती

ब्रुकलिनमधल्या विल्यम्सबर्ग भागात, हॅवमायर स्ट्रीटवर, जुलैतल्या एका रविवारी भर दुपारी शंभर-सव्वाशे पुरुष एक मनोरा खांद्यावर घेतात. सत्तर फुटांच्या आसपास उंच, वजन चार टनांच्या घरात. तेवढ्यानं भागत नाही म्हणून की काय, मनोऱ्याच्या चौथऱ्यावर अख्खा ब्रास बँड आणि एक गायक चढलेला असतो. हा जील्यो. इटलीतल्या नेपल्सजवळच्या नोला गावाहून आलेल्या लोकांनी 1903 साली तो इथे सुरू केला. (आमचा सार्वजनिक गणपती 1893 चा. भाऊ रंगारी मंडळवाले 1892 म्हणतील, तो वाद पुण्यातच राहू दे.)

न्यू जर्सीहून ब्रुकलिनला गाडी नेणं आणि तिथे पार्किंग शोधणं ही शिक्षा आहे, त्यामुळे मी बरीच वर्षं टाळत होते. ऑफिसातला एक सहकारी मनोऱ्याखाली असतो, त्याच्या आग्रहाला बळी पडून शेवटी गेले. त्याआधी मॅनहॅटनमधला सान जेन्नारो या संताचा इटालियन उत्सव पाहिला होता. तोही जुना, 1926 चा, पण मला तिथे सॉसेज, टी-शर्ट आणि गर्दी एवढंच दिसलं. इथेही तसंच असेल असं वाटलं होतं.

गोष्ट सान पाओलिनोची. पाचव्या शतकातला नोलाचा बिशप. दंतकथा अशी की समुद्री चाच्यांनी गावचे लोक गुलाम करून समुद्रापार नेले, तेव्हा एका विधवेच्या मुलाच्या बदल्यात हा स्वतः गेला. पुढे एका तुर्काच्या मदतीनं सगळ्यांना सोडवून घेऊन परतला आणि गावकरी लिलीची फुलं घेऊन सामोरे गेले. त्या फुलांचाच शतकांनी मनोरा झाला. पाचव्या शतकात तुर्क कुठून आला हे विचारू नये. आपल्या पोथ्यांनाही आपण असले प्रश्न विचारत नाही. तर त्या तुर्काची एक होडीही असते, तीसुद्धा माणसं खांद्यावरूनच आणतात आणि ती जील्योला येऊन भेटते.

मी उभी होते तिथून पहिल्या दोन रांगा स्वच्छ दिसत होत्या. वजन सारखं पडावं म्हणून माणसं उंचीप्रमाणे लावलेली. प्रत्येकाचा एक हात दांड्यावर आणि दुसरा शेजाऱ्याच्या पाठीवर. समोर हातात काठी घेतलेला म्होरक्या, त्याला कापो म्हणतात. सगळ्यांचे गुडघे वाकलेले, डोळे त्या काठीवर. बँड सुरू झाला, काठी हलली आणि चार टन एका ठेक्यात वर. सगळ्यात वर संताची मूर्ती असते, ती किंचित डुलली तशी माझ्या पोटात कालवलं. मग छोटी छोटी पावलं टाकत मनोरा चक्क नाचत निघाला. सहकाऱ्याचा कान दांडा आणि शेजाऱ्याची मान यांच्यात चेपलेला होता, चेहरा टोमॅटो. एरवी हा माणूस प्रिंटरचा कागदसुद्धा दुसऱ्याला भरायला सांगतो. गाण्याच्या शेवटच्या सुराला सगळे एकदम वाकले, मनोरा धप्पकन रस्त्यावर टेकला आणि आरोळी उठली.

उचलणारे सगळे पुरुष. बायका कडेनं टाळ्या वाजवतात आणि पाणी देतात. पुण्यात पोरी कमरेला ढोल बांधून लक्ष्मी रोड दणाणून सोडतात, तेव्हा या बाबतीत आम्ही पुढे, एवढं म्हणून घेते.

पण मला खरा धक्का बसला तो तारखेचा. सान पाओलिनोचा दिवस 22 जून. मग जुलैत कसं? सहकारी म्हणाला, इथलं चर्च माउंट कार्मेलच्या मातेचं, तिचा सण 16 जुलैला, म्हणून दोन्ही एकत्र. संत तीन-चार आठवडे पुढे ढकलला आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही! ब्रुकलिन-क्वीन्स एक्स्प्रेसवेसाठी जुनं चर्चही पाडलं, नवं बांधलं, मनोरा आजही निघतोच. आजूबाजूला आता काचेच्या इमारती आणि महाग कॉफी. उचलणाऱ्यांतले कितीतरी जण लाँग आयलंडहून, स्टेटन आयलंडहून गाड्या काढून येतात. सहकाऱ्याच्या आजोबांची जागा वडिलांकडे आली, वडिलांची याच्याकडे. पोरांसाठी छोटा जील्यो असतो, त्याचा मुलगा त्याखाली उभा राहतो.

हे सगळं मी त्याच रात्री सदाशिव पेठेतल्या काकांना फोन करून ऐकवलं, कारण त्यांच्याशी माझं जुनं भांडण आहे. आमचं इथलं, न्यू जर्सीतलं मंडळ गणपती तिथीला नाही, जवळच्या शनिवारी बसवतं. काका दरवर्षी म्हणतात, "अगं, गणपती म्हणजे काय डेंटिस्टची अपॉइंटमेंट आहे, सोयीचा वार बघून घ्यायला?" मी म्हटलं, बघा, तारीख हलवूनही सण टिकलाय.

तारखेचं मी सोडूनच देते. पण आमचं बाकीचं काय? शाळेचा भाड्याचा हॉल, विम्याचं सर्टिफिकेट, आगीच्या नियमामुळे बॅटरीचं निरांजन. आरती पंधरा मिनिटांत आटपायची, कारण पुढे तीन तास पोरांचे हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर डान्स आणि त्यांचे व्हिडिओ काढणारे पालक. मूर्ती चाकांच्या ट्रॉलीवरून आत येते, ज्यावरून एरवी केटररचे डबे येतात. विसर्जन टबात. बरं, रस्ता मिळतच नाही म्हणावं तर इथल्याच एडिसन गावात इंडिया डे परेडसाठी बंद होतोच. आम्ही मागितलाच नाही! आणि तरी मी म्हणेन, दिवसभर नोकरी करून रात्री दोनशे मोदक वळणाऱ्या बायकांना नावं ठेवायची कुणाची प्राज्ञा नाही. काकांची तर अजिबात नाही, ते मोदक आता विकत आणतात.

काका सगळं ऐकून म्हणाले, "आणि नोलातले लोक या ब्रुकलिनवाल्यांना काय म्हणतात ते विचारलंस का?" नाही विचारलं. नोलात एक नाही, आठ मनोरे निघतात, वर 2013 पासून युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत नाव. त्यांना इथल्या एकाची काय पडली असणार?

यंदा कमिटीत मी सुचवलंय की मूर्ती ट्रॉलीवरून नको, पालखीतून आणू, निदान पार्किंगपासून हॉलपर्यंत. विम्याचं विचारून सांगतो म्हणाले. पालखी उचलायला नावं मागितली तेव्हा चौघांनी पाठीचा एमआरआय झाल्याचं सांगितलं आणि दोन मुलींनी हात वर केले.