घरकुलाची यादी आणि ‘वैयक्तिक माहिती’चा शेरा

माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(१)(ञ), म्हणजे बोलण्यातलं ‘आठ-एक-जे’, नोव्हेंबर २०२५ पासून एका ओळीचं झालं आहे: वैयक्तिक माहिती देणं बंधनकारक नाही. आधी त्याला अटी होत्या. माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा ती दिल्याने खासगीपणावर अकारण घाला येत असेल, तरच नकार देता येई. आणि व्यापक जनहित दिसलं तर जनमाहिती अधिकारी (कार्यालयात अशा अर्जांना उत्तर देणारा) स्वतःच ती देऊ शकत असे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३)ने या अटी पुसल्या. हा बदल घातक आहे, कारण सरकारी कागदावर कुणाचं तरी नाव असतंच.

घरकुल योजनेचंच घ्या. खोटा लाभार्थी नावाशिवाय सापडत नाही. त्याचा आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल मात्र तपासणीला अजिबात लागत नाही. म्हणून माहिती अधिकाराच्या अर्जात ‘लाभार्थ्यांची संपूर्ण माहिती द्यावी’ असं कधीच लिहू नका. ते नकाराला दिलेलं आयतं निमित्त असतं. वर्ष, ग्रामपंचायत, मंजूर यादीतली नावं, प्रत्येक हप्त्याची रक्कम आणि तारीख एवढंच मागा. खाली एक वाक्य जोडा: ‘आधार, खाते व दूरध्वनी क्रमांक कलम १०नुसार वगळून उर्वरित माहिती द्यावी.’ न देण्याजोगा भाग वगळून बाकीचा देण्याची तरतूद याच कलमात आहे. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, तेवढ्यात हे आरामात बसतं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायला विसरू नका.

शब्द उरले तर कलम ४(१)(ख)मधल्या बाराव्या मुद्द्याचा उल्लेख करा. अनुदान योजनांच्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने कुणी न मागताही प्रसिद्ध करायचा, असं तो सांगतो. त्या मुद्द्याला हात लागलेला नाही. माझ्या मते सगळ्यात भक्कम आधार हाच.

तरीही ‘वैयक्तिक माहिती’ असा शेरा मारून अर्ज परत आला, तर ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे प्रथम अपील करा, २० रुपयांच्या स्टॅम्पसह. इथे कलम ८(२) वापरायचं. संरक्षित हितापेक्षा जनहित मोठं असेल तर सार्वजनिक प्राधिकरण, म्हणजे ते कार्यालय, माहिती देऊ शकतं, असं ते म्हणतं. पण ‘देऊ शकतं’, ‘द्यावीच’ नव्हे. शिवाय ते प्राधिकरणाबद्दल बोलतं, त्यामुळे जनमाहिती अधिकारी बहुधा ‘हा माझा अधिकार नाही’ म्हणून हात झटकतो. कलम ६(२)प्रमाणे अर्जात कारण देण्याची गरज नसते, अपिलात मात्र जनहित शब्दांत मांडावंच लागतं: किती घरं मंजूर, जागेवर किती उभी, फरक किती. ‘भ्रष्टाचार उघड करायचा आहे’ एवढ्याने भागत नाही. नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५)ने अधिकाऱ्यावरच टाकली आहे, तेही लिहा. तिथेही नकार मिळाला तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील.

यादी हातात आल्यावर जबाबदारी आपली. मिळालेल्या प्रतींत आधार क्रमांक राहून गेलेले असू शकतात. ते सार्वजनिकपणे प्रसिद्ध करायला आधार कायद्याचीच मनाई आहे. कागदावर मार्करने फासलेले आकडे उजेडासमोर धरले की वाचता येतात, म्हणून फासून झाल्यावर पानाची झेरॉक्स काढा आणि तीच स्कॅन करा. पीडीएफवर नुसता काळा चौकोन ठेवला तर खालचा मजकूर निवडून कॉपी होतो. एक्सेलमध्ये रकाना लपवू नका, तो काढूनच टाका. नाव काढलं तरी छोट्या वाडीत ‘विधवा, वय ३४, वॉर्ड ३’ एवढ्यावरून ती बाई कोण हे सगळ्यांना कळतं. वैधव्य, आजार, अपंगत्व यांचे रकाने फाइलमध्ये ठेवूच नका.