अल्पाका एकटा राहत नाही, हे टाउनशिपला पटवताना

पेनसिल्व्हेनियात अल्पाका (उंटाच्या कुळातला, लोकरीसाठी पाळतात तो प्राणी) पाळायचे असतील तर आधी टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या गावपातळीच्या प्रशासनाच्या, झोनिंग ऑफिसात जा (कुठल्या जमिनीवर काय चालतं ते तिथे ठरतं), जनावरं नंतर बघा. जनावरं मिळतात. इथे आणि शेजारच्या ओहायोत अल्पाकांचे फार्म भरपूर आहेत, आणि ज्यांना फक्त लोकर हवीय, पिल्लं नकोत, त्यांना खच्ची केलेले नर माद्यांपेक्षा बरेच स्वस्त पडतात. आम्ही तसे तीन पसंत केले. कुंपण झालं, तीन बाजूंनी बंद असा गोठा झाला. मग फॉर्म भरायला गेलो.

फॉर्मवर घोडा, गाय, मेंढी, शेळी, कोंबडी. अल्पाका नाहीच. मी ‘इतर’वर खूण केली. खिडकीपलीकडच्या बाई म्हणाल्या, "म्हणजे लामाच ना?" आणि लामा त्यांच्या यादीत ‘मोठी जनावरं’ या सदरात, घोड्याच्या शेजारी! लामा म्हणजे १३० ते २०० किलोचा गडी, लांब आत वळलेल्या कानांचा. मेंढपाळ त्याला कायोटींपासून (इथले कोल्ह्यासारखे शिकारी प्राणी) मेंढ्या राखायला ठेवतात. अल्पाका साधारण ५५ ते ८० किलोचा, आखूड टोकदार कानांचा आणि पक्का भित्रा. हे सगळं मी सांगितलं. बाईंनी मान डोलावत ऐकून घेतलं आणि कागदावर ‘लामा’ लिहिलं.

त्यानंतर फोन. "साहेब जागेवर नाहीत." हे वाक्य म्हणजे आपल्याकडच्या तहसील कचेरीची मक्तेदारी, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. कधी साहेब रजेवर, कधी फाइल दुसऱ्या टेबलावर. शेवटी पत्र आलं: अर्ज मंजूर, जनावरं – एक. आमच्या जमिनीच्या हिशेबात ‘मोठं जनावर’ एकच बसतं म्हणे.

एक! अल्पाका हा कळपाचा प्राणी. एकटा ठेवला तर कुंपणाच्या कडेने येरझारा घालतो, सारखा हुंकारत राहतो, खाणं टाकतो आणि खंगत जातो. सोबतीला शेळी बांधून भागत नाही, त्याला त्याच्याच जातीचं कुणीतरी लागतं. म्हणजे कमीत कमी दोन, आणि माझं विचाराल तर तीनच, कारण दोघांतला एक गेला की मागे राहिलेल्याची तीच गत. साहेब अखेर भेटले तेव्हा हे सांगितलं, तर म्हणाले, "आधी एक आणा, कसं जमतंय बघा, मग पुढच्याचं बघू." त्या दिवशी गाडीत बसून मी मराठीत जे बोलले ते इथे लिहीत नाही. आईला फोनवर सांगितलं तर तिचं वेगळंच: "एवढ्या खटाटोपात चार शेळ्या घेतल्या असत्यास तर दूध तरी मिळालं असतं."

मग रीतसर सुनावणी मागितली. तिची फी वेगळी, तारीख वेगळी, शेजाऱ्यांना नोटिसा वेगळ्या. पण इथे एक मुद्दा कामाला आला, तो लिहून ठेवा. पेनसिल्व्हेनियाच्या शेणखताच्या नियमांत जनावरं वजनावर मोजतात आणि एक एकक १,००० पौंड, म्हणजे सुमारे ४५४ किलो धरतात. आमच्या तिघांचं मिळून वजन त्याच्या निम्मंही भरत नव्हतं. व्हेटकडून, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडून, लेखी घेतलं की हा प्राणी एकटा ठेवणं योग्य नाही. शिवाय या राज्यात शेणखत जमिनीवर पसरणार असाल तर जनावरं कितीही कमी असोत, खताचं नियोजन लेखी लागतं. तेही नकाशासकट नेलं.

शेजाऱ्यांचे प्रश्न अपेक्षितच होते. वास? अल्पाका कुरणभर घाण करत नाहीत. ठरलेल्या एक-दोन जागी सगळे लेंड्या टाकतात, चक्क पाळी लावून, फावड्याने उचलायच्या. आवाज? एरवी नुसतं ‘म्म्म’. कुत्रा किंवा कोल्हा दिसला तर मात्र कर्कश ओरडतात. थुंकणं? ते मुख्यतः आपापसात, खाद्यावरून. कान मागे पडले, हनुवटी वर गेली की बाजूला व्हायचं. सुनावणी घेणाऱ्या बोर्डावरच्या एका आजोबांनी मला नव्हे, साहेबांनाच विचारलं, "यात लामा कुठे आहे?" तीन मंजूर झाले. इतका आनंद मला ग्रीन कार्ड आल्यावरही झाला नव्हता.

आता आठवेल तसं. पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा वावर असेल तर पहिल्याच भेटीत व्हेटला मेनिंजियल वर्म या जंताबद्दल विचारा. हरणाला त्याचा त्रास नसतो, पण त्याच्या लेंड्यांवरून तो गोगलगाईत जातो, गवताबरोबर ती पोटात गेली की अल्पाकाच्या मज्जारज्जूत पोचतो आणि मागचे पाय लुळे पडतात. आमच्याकडे त्यासाठी साधारण दर महिन्याला आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचं इंजेक्शन असतं. बाटलीच्या दुधावर माणसांत वाढलेला नर गोंडस दिसतो, पण घेऊ नका. मोठा झाला की माणसालाच प्रतिस्पर्धी समजून अंगावर येतो. डोक्याला हात लावलेला त्यांना खपत नाही, मानेपासून सुरुवात करा. लोकरीखाली हाडं दिसत नाहीत, म्हणून पाठीच्या कण्यावर हात दाबून अंगात मांस किती ते पाहत राहायचं. नखं कापायची असतात, तीही विसरू नका. उन्हाळ्यात फॅरनहाइटमधलं तापमान अधिक आर्द्रतेचा टक्का १५० च्या वर गेला की पंखा लावा आणि पाणी पोटावर, पायांवर मारा. पाठीवर नको, ओली लोकर उष्णता कोंडते.

आणि राज्याबाहेरून आणणार असाल तर व्हेटचं आरोग्य प्रमाणपत्र सगळ्यात शेवटी काढा. ते सहसा ३० दिवसच चालतं. आमचं ओहायोतलं प्रमाणपत्र साहेबांच्या टेबलावर फाइल असतानाच बाद झालं आणि तपासणीचे पैसे पुन्हा भरावे लागले.