तुम्ही विचारलंत म्हणून: सरकारनं मागितलं तर कुठली कंपनी माहिती देणार नाही?

सर्व्हर सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यामुळे लग्नात जेवायला बसलो तरी शेजारचा विचारतोच, "काय हो, ह्यातली भरवशाची कंपनी कुठली? सरकारनं दम दिला तरी आपली माहिती न देणारी?"

माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा विरस होतो. हातात माहिती असेल तर आज ना उद्या सगळ्याच देतात.

शी ताओ हे चीनमधल्या छांगशा शहरातले पत्रकार. १९८९ साली बीजिंगच्या थ्येनआनमेन चौकात निदर्शकांचं जे हत्याकांड झालं त्याला पंधरा वर्षं होत आली, तेव्हा काय छापू नये याचा सरकारी आदेश त्यांच्या कचेरीत आला. त्यातला मजकूर त्यांनी याहूच्या मेलवरून परदेशी पाठवला. याहूच्या हाँगकाँगमधल्या कंपनीनं पुरवलेली नोंद कोर्टाच्या निकालपत्रातच आहे: २० एप्रिल २००४, रात्रीचे ११ वाजून ३२ मिनिटं १७ सेकंद, आणि कनेक्शन त्यांच्याच कचेरीतलं. शिक्षा दहा वर्षांची. २००७ साली अमेरिकी संसदेच्या समितीसमोर याहूचे संस्थापक जेरी यांग शी ताओंच्या आईपुढे वाकले. तो नमस्कार मला खोटा वाटत नाही. पण चूक माहिती दिली त्या दिवशी झाली नव्हती. ही नोंद चिनी पोलिसांना मागता येईल अशा जागी ठेवला, तिथेच ती झाली होती.

अ‍ॅपल तर प्रायव्हसी हा मूलभूत हक्क म्हणतं. तरी फेब्रुवारी २०१८ च्या अखेरीस चिनी ग्राहकांचा आयक्लाउड, म्हणजे अ‍ॅपलकडे साठवलेली त्यांची माहिती, ग्वेइचौ प्रांतातल्या सरकारी मालकीच्या कंपनीकडे गेला, आणि एन्क्रिप्शनच्या, म्हणजे माहितीला लावलेल्या कुलपाच्या, किल्ल्याही चीनमध्येच. फोन बनणार तिथे, खपणार तिथे. नाही म्हणणार कोण? २०२१ मध्ये रशियात मतदान सुरू झालं त्याच दिवशी अ‍ॅपल आणि गूगल, दोघांनी विरोधी नेते नवाल्नींच्या गटाचं अ‍ॅप काढून टाकलं. तिथल्या कर्मचाऱ्यांना अटकेची धमकी होती, अशा बातम्या होत्या. मॉस्कोतला इंजिनिअर आत जाणार असताना कॅलिफोर्नियातल्या साहेबानं बाणेदारपणा दाखवावा, हे आपण इथे बसून खुशाल म्हणावं.

उलट सिग्नल या मेसेज पाठवायच्या अ‍ॅपचं बघा. २०१६ साली त्यांना अमेरिकेतच, व्हर्जिनियातून, समन्स आलं. त्यांनी ते पाळलं. दिलं काय, तर खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकी काही त्यांच्याकडे नव्हतंच. म्हणून मी कंपनीची नियत बघत नाही. ती काय साठवते आणि किल्ली कोणाकडे, एवढंच बघतो. आणि हे हुकूमशहांपुरतंही नाही. सरकारी दट्ट्यामुळे अ‍ॅपलनं फेब्रुवारी २०२५ मध्ये आयक्लाउडचं सगळ्यात पक्कं कुलूप ब्रिटनमधल्या नव्या ग्राहकांना देणं बंद केलं.

तुमच्यापुरतं विचाराल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये चॅट बॅकअप उघडा. तिथली एन्क्रिप्शनची सोय आपण होऊन चालू करावी लागते. पासवर्ड मात्र कागदावर लिहून ठेवा. विसरलात तर कंपनीलाही उघडता येणार नाही, आणि मला फोन करून काही उपयोग नाही.