अर्ध्या इंचाचा फरक

१४ डिसेंबर

आज गुरुजींचा, म्हणजे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचा, जन्मदिवस. या दिवशी मी शिकवते त्या सकाळच्या योगवर्गाआधी तासभर केवळ स्वतःसाठी सराव करते, असे विद्यार्थ्यांना अनेकदा सांगितले आहे. रोजनिशीत तरी खोटे लिहू नये म्हणून नोंदवते की गेली चार वर्षे तो झालेला नव्हता. आज झाला, आणि त्याचे श्रेय आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर शिवणकाम करणाऱ्या ताईंना द्यावे लागेल.

भाच्याच्या लग्नासाठी ब्लाउज शिवायला टाकण्याकरिता मागच्या आठवड्यात त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी पाठीमागून टेप लावली, क्षणभर थांबल्या, पुन्हा लावली, आणि मापांची जुनी वही काढून त्यातले माझे पान पाहिले. "तुमचा डावा खांदा अर्धा इंच उतरलाय. मागच्या वेळी असा नव्हता," असे त्या म्हणाल्या, कापडाविषयी बोलावे तितक्या सहजपणे. मी बावीस वर्षे लोकांचे खांदे पाहत आले आहे. वर्गात कोणाचा खांदा कानाकडे चढला, कोणाची कंबर एका बाजूला कलली, हे मला दारातूनच दिसते. माझी पाठ पाहणारे मात्र वर्गात कोणी नसते, हे त्या टेपमुळे प्रथम लक्षात आले.

कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. वर्गाकडे तोंड करून आसन दाखवताना शिक्षकाने आरशासारखे राहावे लागते. विद्यार्थ्यांनी उजवीकडे जायचे असेल तर मी माझ्या डावीकडे जाते, म्हणजे त्यांचा गोंधळ होत नाही. आसनाची सुरुवात उजव्या बाजूने करायची ही पद्धत, त्यामुळे करून दाखवण्याच्या वाट्याला नेहमी माझी डावी बाजू येते. दुसऱ्या बाजूच्या वेळी मी केवळ तोंडाने सूचना देत रांगांमधून फिरते, कोणाच्या टाचेपाशी वीट (आसनात आधाराला घेतात तो विटेएवढा ठोकळा) ठेवते, कोणाचा गुडघा वर खेचायला सांगते. एका वर्गात उभ्या स्थितीतली पाच-सहा आसने धरली, तर इतक्या वर्षांत माझी डावी बाजू किती वेळा वाकली असेल आणि उजवी किती वेळा नुसती फिरली असेल, याचा हिशेब मांडायची मला हिंमत होत नाही. (पर्सही मी डाव्याच खांद्याला अडकवते, सगळा दोष त्रिकोणासनाच्या माथी मारणे योग्य नाही.)

२०२० नंतर हे प्रमाण आणखी बिघडले. अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी दुपारी साडेचारचा वर्ग पडद्यावरून सुरू केला. तिथे हात लावून दुरुस्त करता येत नाही, म्हणून प्रत्येकच आसनाची पहिली बाजू करून दाखवावी लागते. त्याच सुमारास सासूबाईंच्या खुब्याचे हाड मोडले, आणि पहाटेचा जो तास माझा होता तो त्यांना उठवणे, औषधे देणे आणि वॉकर धरून चालवणे यांत गेला. त्या आता स्वतःच्या हाताने चहा करून घेतात, तरीही तो तास मी परत मागितला नाही, कारण दिवसाला तीन वर्ग घेते म्हणजे सराव होतोच, अशी सोयीची समजूत मी करून घेतली होती.

आज पहाटे पावणेपाचला दिवाणखान्यातले टेबल सरकवून उभी राहिले. फरशी इतकी गार होती की चटई असूनही तळपाय आखडत होते. पावलांमध्ये साडेतीन फूट अंतर घेऊन आधी डावीकडे त्रिकोणासन केले. हात घोट्यापर्यंत सहज गेला, छाती उघडली. मग उजवीकडे वळले. हात नडगीच्या मध्यावर अडला, मागच्या पावलाची बाहेरची कड जमिनीवरून सुटली, आणि श्वास रोखला गेल्याचे दोन क्षणांनी कळले. एखादी नवी विद्यार्थिनी असती तर तिला मी वीट घ्यायला सांगितले असते. मी वीट घेतली. ती आधी उभी, म्हणजे सर्वांत उंच बाजूने, ठेवावी लागली, हेही लिहून ठेवते.

मी १९९८ साली गुरुजींच्या पुण्यातल्या संस्थेत शिकायला जाऊ लागले, तेव्हा ते ऐंशीच्या उंबरठ्यावर होते आणि स्वतःचा सराव सभागृहात इतरांच्या देखतच करत. लाकडी घोडा, दोर, पट्टे, खुर्च्या यांचा आधार घेऊन ते एकाच आसनात इतका वेळ राहत, की आमचे पाहून पाहून पाय दुखत. त्या वयात मला त्यांची लवचीकताच दिसत होती. १९७९ साली स्कूटरच्या अपघातात त्यांना मोठ्या दुखापती झाल्या, आणि त्यानंतर साठीतल्या माणसाने प्राथमिक आसनांपासून पुन्हा बांधणी केली, ही हकिकत तेव्हाही ऐकली होती. पण ती मी शौर्यकथेसारखी ऐकली. जगभर शिष्य असलेल्या माणसाला पहाटे आपल्याच खोलीत नवशिक्यासारखे उभे राहावे लागणे म्हणजे काय, याचा विचार तेव्हा केला नव्हता. माझी दुखापत त्यांच्यापुढे काहीच नाही, खरे तर ती दुखापतही नाही. तरी उजवीकडे विटेवर हात टेकवून उभी असताना मला त्यांची तीच हकिकत आठवली.

सव्वासहाच्या वर्गात मी पहिल्यांदाच दोन्ही बाजू करून दाखवल्या. उजवीकडे जाताना वीट घेतलेली पाहून पहिल्या रांगेतल्या काकूंनी विचारले, "मॅडम, बरं नाही का?" मी म्हटले, बरी आहे, ही बाजू कच्ची आहे. त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनीही न कुरकुरता वीट घेतली, जी त्या एरवी चटईमागे लपवतात.

परतताना शिवणकामवाल्या ताईंकडे डोकावले. दोन्ही खांदे सारखे दिसतील अशी आतून पट्टी लावू का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हटले. मापाप्रमाणेच शिवा, फक्त डाव्या खांद्याला जरा जास्त माया ठेवा, उसवून पुन्हा घालायची वेळ आली तर असू दे. त्यांनी वहीत तसे लिहून घेतले आणि शनिवारी यायला सांगितले.