डकटेल्स, रिवाइंड न करता

कॅपकॉम या जपानी कंपनीने १९८९ साली काढलेला ‘डकटेल्स’ हा व्हिडिओ गेम मी या पावसाळ्यात पुन्हा खेळायला घेतला आणि शेवटपर्यंत नेला. रिवाइंड केलं नाही (म्हणजे चुकल्यावर गेम मागे सरकवला नाही), मधे कुठे सेव्ह केलं नाही, यूट्यूबवर कुणाचा व्हिडिओ पाहिला नाही. लहानपणी हा गेम खेळलेले आणि आता परत हात लावावा का, अशा विचारात असलेले बरेच जण असतील. त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितेय.

आमच्या पिढीला ही बदकं आधी दूरदर्शनवर भेटली. रविवारी सकाळी हिंदीतलं ‘डकटेल्स’ लागायचं आणि त्या वेळेला नाशिकच्या आमच्या बिल्डिंगखाली खेळायला चिटपाखरूही नसायचं. मूळ मालिका अमेरिकेत १९८७ला सुरू झाली. तिचा नायक, गडगंज श्रीमंत म्हातारा बदक अंकल स्क्रूज, मात्र तिच्याहून कितीतरी जुना, कार्ल बार्क्स यांनी १९४७ साली कॉमिकमध्ये आणलेला. गेम आमच्या घरी यायचा तो कॅसेट भाड्याने आणून. दादा आणि मी आळीपाळीने खेळायचो. या गेमला पासवर्ड नाही, सेव्ह नाही. एका बैठकीत संपवा, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. त्यात कधी लाइट जायची, कधी बाबांना बातम्या बघायच्या असायच्या, आणि संध्याकाळी कॅसेट परत करायची असायची ती वेगळीच. त्यामुळे शेवट आम्ही पाहिलाच नव्हता. मला तो बघायचा होता.

आज हा गेम रीतसर खेळायचा तर ‘द डिस्ने आफ्टरनून कलेक्शन’ हा सोपा रस्ता आहे. २०१७ साली आलेल्या या संग्रहात त्या काळचे सहा गेम आहेत: डकटेल्सचे दोन, चिप अँड डेल रेस्क्यू रेंजर्सचे दोन, डार्कविंग डक आणि टेलस्पिन. मी तो कॉम्प्युटरवर सेलमध्ये घेतला, कंट्रोलर जोडला आणि वायर टीव्हीला लावली.

टीव्हीबद्दल एक गोष्ट आधीच सांगते, कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. आजचे टीव्ही पडद्यावर दाखवण्याआधी चित्रावर बरीच रंगसफेदी करतात आणि त्यात क्षणाचा काही हिस्सा जातो. सिनेमा बघताना ते जाणवत नाही, पण बटण दाबल्यावर उडी किंचित उशिरा दिसली की असा गेम हातातून जातो. जुन्या डब्बा टीव्हीत हा उशीर जवळजवळ नव्हताच आणि १९८९ चा गेम त्याच हिशोबाने बांधलेला आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो चालू करूनच बसा. मी तो चालू केला आणि त्याच संध्याकाळी उड्या बसायला लागल्या.

तरीही काहीतरी वेगळं वाटत राहिलं. सगळंच जास्त पळत होतं, संगीतसुद्धा. याचं कारण मला फार आवडलं. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणारे. मूळ गेम लिहिला गेला अमेरिका-जपानच्या ६० च्या हिशोबाने. आणि आपल्या घराघरांत असलेली ती गेमची स्वस्त मशिनं निन्टेन्डो या मूळ जपानी कंपनीची नव्हतीच, तिच्या यंत्राची नक्कल होती, ५० च्या टीव्हीवर चालेल अशी केलेली. गेमचं घड्याळ चित्राच्या ठोक्याला बांधलेलं असल्यामुळे आपण सगळे जवळजवळ सहाव्या हिश्श्याने सावकाश डकटेल्स खेळत होतो. माझ्या बोटांना तोच वेग पाठ होता. पहिले काही दिवस त्यांना नवा वेग शिकवण्यातच गेले.

आता काठीबद्दल. काठी हाच या गेमचा जीव आहे. स्क्रूजकडे बंदूक नाही, मारिओसारखं नुसतं डोक्यावर उडी मारणंही नाही. आधी उडी घ्यायची आणि हवेत असताना खालचं बटण व बी एकत्र दाबायचं, की तो काठी पायाखाली घेतो आणि तिच्यावर टुणटुण उसळत जातो. साध्या उडीपेक्षा ही उसळी उंच. शत्रूवर पडली तर शत्रू संपतो, पेटीवर पडली तर पेटी फुटते, आणि ज्या काट्यांवर पाय पडला तर मार बसतो त्याच काट्यांवरून काठीने सुखरूप पलीकडे जाता येतं. चालणं, लढणं आणि खजिना उकरणं, सगळं त्या एका काठीत. दुसरा उपयोग जमिनीवरून: दगडाला चिकटून उभं राहायचं आणि काठी गोल्फसारखी फिरवायची. दगड उडून समोरच्या शत्रूला लागतो. न हलणाऱ्या वस्तूवर मारली तर म्हातारा नखशिखांत थरथरतो. या थरथरण्याने गेम आपल्याला सांगतो की इथे काही नाही, पुढे जा. कुठे पाटी नाही, कुठे सूचना नाही.

माझा आठ वर्षांचा भाचा शेजारी बसून बघत होता. “आत्या, तुला कोण सांगतं कुठे जायचं ते?” त्याच्या मोबाइलवरच्या गेममध्ये बाण असतात, चमकणारी बटणं असतात. मी म्हटलं, “कुणीच नाही. बघत बघत जायचं.” त्याला ते पटलं नाही. मग तोच मला सांगायला लागला की तिथे भिंतीत फट आहे, तिथे वर काहीतरी असणार. आणि बहुतेक वेळा असायचंच. या गेममध्ये हिरे हवेत लपलेले असतात. रिकाम्या दिसणाऱ्या ठरावीक जागेपाशी गेलात की हिरा आपसूक उमटतो. म्हणजे जो सरळ पळत सुटतो तो गरीब राहतो आणि जो प्रत्येक कोपऱ्यात डोकावतो तो श्रीमंत होतो. स्क्रूजवरच्या गेमला याहून शोभणारा नियम मला सुचत नाही.

स्टेज पाच आहेत: अॅमेझॉन, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेतल्या खाणी, हिमालय आणि चंद्र. कुठूनही सुरुवात करा. कॅपकॉमने आधी ‘मेगा मॅन’ या आपल्या दुसऱ्या गेममध्ये हेच स्वातंत्र्य दिलं होतं, आणि त्या गेममागची काही माणसं इथेही होती. पण स्वातंत्र्य पुरतं मोकाट नाही. खाणीत शिरायला लागणारी किल्ली आहे ट्रान्सिल्व्हेनियात. लहानपणी आम्ही आधी खाणीत घुसायचो आणि दाराशी अडायचो. या वेळी मी अॅमेझॉनपासून सुरुवात केली, कारण काठीचा सराव करायला तिथली झाडं-वेली सगळ्यात चांगल्या. नंतर ट्रान्सिल्व्हेनिया. तिथे आरशात शिरलं की भलतीकडेच बाहेर पडतो आणि काही भिंती नुसत्या दिसायला भिंती आहेत. शेवटी मॅजिका डी स्पेल ही जादूगारीण भेटते. ती विजा सोडत असताना घाई करायची नाही, एवढंच सांगते. खाणींबद्दल फार काही लिहिण्यासारखं नाही. पाचांतलं मला सगळ्यात कमी आवडलेलं स्टेज तेच.

हिमालयाने मात्र दमवलं. इथे गेम आपली लाडकी सवयच काढून घेतो. तोवर काठीवर उसळत राहणं बोटांत इतकं मुरलेलं असतं की जमिनीवरून चालायचं असतं हे विसरायला होतं. हिमालयातल्या भुसभुशीत बर्फावर काठीने उतरलात की काठी रुतते आणि स्क्रूज अडकतो. सुटायला उडी मारावी लागते, तेवढ्यात समोरून कुणीतरी येऊन धडकतं. म्हणजे कुठे काठी चालेल आणि कुठे पाय, हे जमिनीचा रंग आणि पोत बघून ठरवायचं. मी इथे पुन्हा पुन्हा मरत होते आणि संग्रहातलं रिवाइंडचं बटण बोटाखालीच होतं. दाबून धरलं की गेम मागे सरकतो, मार बसायच्या आधीच्या क्षणाला.

ते मी का वापरलं नाही ते सांगते. ज्यांच्याकडे वेळ नाही, ज्यांना फक्त जुनी चित्रं आणि गाणी पुन्हा अनुभवायची आहेत, त्यांनी खुशाल वापरावं, ती सोय चांगलीच आहे. पण सुरुवातीला अॅमेझॉनमध्ये मी सरावापुरतं ते वापरून पाहिलं होतं आणि एक गोष्ट लगेच लक्षात आली: मी पडद्याकडे नीट बघणंच बंद केलं. चुकलं तर मागे जाता येतं म्हटल्यावर बर्फाचा पोत कोण बघतो? आणि हा गेम तर बघणाऱ्यालाच सगळं देतो. रिवाइंडमुळे गेम सोपा होतो ही माझी तक्रारच नाही. लपलेले हिरे राहून जातात, ही आहे. हिमालय रिवाइंडशिवाय पार झाला तेव्हा मला त्यातला प्रत्येक चढ ठाऊक होता आणि बर्फात गोठलेल्या बबाला, म्हणजे मालिकेतल्या आदिमानव-बदकाला, मोकळं करण्याची वाटही सापडली होती.

मग चंद्र. याचं संगीत ज्याने ऐकलंय त्याला वेगळं काही सांगायला नको. हिरोशिगे तोनोमुरा यांनी ते केलं. निन्टेन्डोच्या त्या यंत्राकडे सूर काढायला मोजून तीन आवाज, शिवाय तालासाठी एक खरखर आणि छोट्या ध्वनिमुद्रणांसाठी एक वाट. एवढ्यात त्यांनी अशी धून बांधली की तीस-पस्तीस वर्षांनंतरही लोक ती गिटारवर आणि पियानोवर वाजवत असतात. वरचा सूर सलग चढत जातो आणि खालून दुसरा आवाज भराभर सुरांचे तुकडे पेरत राहतो. पोकळी वाटावी म्हणून त्यांनी सूर कमी केले नाहीत, उलट पडद्यावर ओसाड जमीन आणि कानात दाटीवाटीने सूर, असा मेळ घातला. मी काही मिनिटं काठी बाजूला ठेवून नुसती ऐकत उभी राहिले. स्टेजला वेळेची मर्यादा आहे, ती त्यात बरीच खर्च झाली, पण ऐकायचं होतं.

“आत्या, चंद्रावर हवा नसते. त्याने हेल्मेट का नाही घातलं?” भाच्याचा प्रश्न बरोबर होता. स्क्रूज तिथेही त्याच कोटात आणि टोपीत फिरतो. आम्ही यानात शिरून गिझ्मोडकला (मालिकेतल्या चिलखतधारी बदकाला) बोलवायचा रिमोट शोधला, त्याने येऊन भिंत उडवली, आणि आतल्या उंदराला हरवून हिरवं चीज मिळवलं.

पाचही खजिने हाती आले की ते चोरीला जातात आणि पुन्हा ट्रान्सिल्व्हेनियाला जावं लागतं, बदकाच्या रूपातल्या ड्रॅक्युलाशी लढायला. तो संपल्यावरही सुटका नाही. मग दोरावरून वर चढण्याची शर्यत असते. खजिन्याच्या पेटीपर्यंत स्क्रूजचा प्रतिस्पर्धी आधी पोचला तर सगळं वाया. तेव्हा मात्र दोघंही ओरडत होतो.

शेवट एकच नाही, हे मला खेळताना कळलं. दोन गुप्त खजिने आणि किमान १ कोटी डॉलर असतील तर वेगळा, मोठा शेवट. खजिने कुठे आहेत ते मी लिहीत नाही, शोधण्यातच तर सगळी मजा आहे. मला साधा शेवट मिळाला. वर्तमानपत्रावर स्क्रूजचं चित्र आलं आणि मी दादाला लगेच फोटो पाठवला. त्याने उलट विचारलं, “किल्ली आधी घेतलीस ना?”

२०१३ साली वेफॉरवर्ड या गेम कंपनीने याच गेमची नवी आवृत्ती काढली होती, हाताने काढलेल्या चित्रांची, आणि तिच्यात मालिकेत स्क्रूजला आवाज देणारे अॅलन यंगच पुन्हा बोलले. तेव्हा ते नव्वदी ओलांडलेले होते. तो आवाज ऐकण्यासाठी ती जरूर खेळा. पण तिथे पात्रं सारखी थांबून बोलत राहतात आणि उसळीची लय तुटते. पहिल्यांदा खेळणाऱ्याने जुन्यापासूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे.

भाच्याने आता नवीनच काढलंय. शेवटी खिशात शून्य डॉलर असतील तर तिसराच शेवट दिसतो, हे त्याने कुठूनतरी शोधून काढलं. जिथे पाऊल टाकावं तिथे हिरा उगवतो, तिथे शून्यावर राहायचं कसं, याची आखणी तो वहीत करतोय आणि या रविवारी कंट्रोलर त्याच्या हातात असेल.